पाटी की वही?



अलीकडे पुष्कळ घरांत मुलांच्या अभ्यासासाठी एखादा जुना संगणक आलेला असतो. त्याची हार्ड डिस्क निकामी झाली असली तरी बिघडत नाही. सारी कार्यप्रणाली पेनड्राइव्हवर ठेवून तो चालविता येतो. ह्या प्रकारास ‘लाइव्ह’ प्रणाली म्हणतात. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर ह्यांनी २००० साली सीडीवरून चालणारी ‘क्नॉपिक्स’ प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही युक्ती लोकांच्या विशेष परिचयाची झाली.

परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. अशी प्रणाली मुळात पाटीसारखी असते. पेनड्राइव्हवरील मूळ प्रत केवळ वाचण्यापुरती असते. आपण लिहितो ते संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि यंत्र बंद होताच पुसले जाते. पाटीची वही व्हावी म्हणून पेनड्राइव्हवर साठवणीचा वेगळा भाग करावा लागतो. त्यास ‘पर्सिस्टन्स’ म्हणतात.

आता खरी अडचण सांगतो. वही जवळ असूनही यंत्र ती आपण होऊन उघडीलच असे नाही. ‘डेबियन’च्या लाइव्ह प्रणालीत आरंभीच्या यादीतील ओळ तात्पुरती दुरुस्त करून तीत ‘पर्सिस्टन्स’ हा शब्द स्वतः घालावा लागतो, आणि तोही प्रत्येक वेळी. ‘उबुंटू’त त्याच कामासाठी ‘पर्सिस्टंट’ हा शब्द आहे. एकाचा शब्द दुसऱ्यास चालत नाही. अक्षर चुकले, तर यंत्र तक्रार न करता सुरू होते, पडदा नेहमीसारखाच दिसतो, आणि मुलाने लिहिलेला निबंध कधी जतन झालाच नव्हता हे दुसऱ्या दिवशी कळते.

ह्यात मुलाचा दोष कोणता? आमच्या मते दोष यादीचा आहे. ‘काली’ प्रणालीच्या यादीत साधी, साठवणीची आणि कुलूपबंद साठवणीची अशा निरनिराळ्या ओळी दिलेल्या आहेत. निवड करणे तेवढे सोपे होते. तथापि तेथेही पहिली ओळ साधीच आहे, म्हणून घाईने एंटर दाबणारा फसतो. ‘टेल्स’ने निराळी वाट धरली. तीत प्रणाली सुरू झाल्यावर स्वागताच्या पडद्यावरच साठवणीचा परवलीचा शब्द विचारला जातो.

काही न साठविणे हीही काहींची खरी गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. परक्या संगणकावर आपल्या कामाची खूण उरू नये असे ज्यास वाटते, त्यास पाटीच हवी. म्हणून यंत्राने एका बाजूचा हट्ट धरू नये. ‘लिहिलेले राहील’ किंवा ‘लिहिलेले पुसले जाईल’ एवढे सरळ भाषेत सांगावे. निवड मग ज्याची त्याने करावी.

तोवर घरोघरी तीन गोष्टी कराव्यात. यादीतील कोणती ओळ निवडावयाची, ते कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावे. प्रथम एक लहानशी फाइल लिहून यंत्र बंद करावे व पुन्हा सुरू करून ती राहिली की नाही ते पाहावे; त्यापूर्वी कोणतेही मोलाचे काम आरंभू नये. आणि साठवण नीट चालली तरी महत्त्वाच्या लिखाणाची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावीच, कारण पेनड्राइव्ह हरवतो आणि बिघडतोही.