घरातल्या प्रत्येकाचे एक पान

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते. उरुसात, इज्तिमात, लोकलच्या गर्दीत मुलाचा हात सुटायला एक क्षण पुरतो. बहुतेक वेळा मूल चार दुकानांपलीकडे सापडते आणि विषय संपतो. कधी मात्र सापडत नाही. मग घरची माणसे पोलीस ठाण्यात धावतात आणि तिथे साधेच प्रश्न विचारले जातात. पूर्ण नाव काय? उंची किती? अंगावर खूण कोणती? अलीकडचा फोटो आहे का? रोज ज्याच्यासोबत दस्तरखानावर बसतो, त्याची उंची त्या घडीला आठवत नाही. म्हणून आमचे सांगणे आहे की, या महिन्यात घरातल्या प्रत्येकाचे एक पान लिहून ठेवा.

‘असलं अशुभ कशाला?’ असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. पण हजला निघालेल्यांच्या हातात हज कमिटीचे स्टीलचे कडे असतेच ना? त्यावर हाजीची ओळख कोरलेली असते आणि ते सगळे आनंदाने घालतात. हे पानही तसेच.

सुरुवात नावापासून करा, कारण आपल्याकडे घोळ तिथेच होतो. घरात ‘मुन्ना’, शाळेत ‘मोहम्मद अयान’, आधारवर ‘शेख अयान’, रेशनकार्डावर आणखी काही. बायकांचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. ही सगळी नावे, जशी छापली आहेत तशीच, मराठी आणि इंग्रजी स्पेलिंगसह एकाखाली एक लिहा. लहान मुलाला अब्बांचे नाव विचारले तर ते ‘अब्बा’ एवढेच सांगते. त्याला आईवडिलांची खरी नावे, मोहल्ल्याचे नाव आणि एक मोबाईल नंबर पाठ करून द्या.

मग फोटो. एक चेहऱ्याचा, समोरून आणि स्पष्ट. दुसरा पूर्ण उंचीचा. ईदला नव्या कपड्यांत फोटो काढतोच, त्याच दिवशी पानावरचाही बदलावा. पाच वर्षांखालच्या मुलांचा चेहरा भराभर बदलतो, त्यांचा फोटो दर तीन-चार महिन्यांनी घ्यावा. परदा पाळणाऱ्या कित्येक घरांत दादी-नानीचा धड एक फोटो नसतो. तो कुणाला दाखवायचा नाही. पाकिटात बंद करून कपाटात ठेवायचा आहे. पण असायला हवा.

त्याखाली जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट, तीळ, जुन्या जखमेचा व्रण, टाके, पडलेला किंवा बसवलेला दात, चष्मा, श्रवणयंत्र, चालू औषधे आणि डॉक्टरांचे नाव. कोणती भाषा बोलतो, हेही लिहा. मोबाईलवर *#०६# दाबले की आयएमईआय नंबर दिसतो, तोही टिपून ठेवा.

बोटांच्या ठशांचे महत्त्व नागपूरच्या एका घटनेतून कळते. जबलपूरचा एक मुलगा लहानपणी हरवून नागपूरला पोचला. त्याला नीट बोलता येत नव्हते, त्यामुळे घर सांगता आले नाही. एका कुटुंबाने त्याला वेगळ्या नावाने मायेने वाढवले. पुढे शाळेसाठी आधार काढायला नेले, तर नोंदणी होईना, कारण ते ठसे आधीच नोंदलेले होते. त्यावरून खरे नाव आणि पत्ता निघाला आणि २०२१ साली, सुमारे दहा वर्षांनी, तो आईवडिलांना परत मिळाला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारमध्ये ठसे नसतात. मूल पाच वर्षांचे झाले की ते द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. हे काम लांबणीवर टाकू नका.

विसर पडू लागलेल्या वडीलधाऱ्यांच्या कुर्त्याच्या आतल्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेले कार्ड ठेवा. जुने घर, जुनी मशीद, पूर्वीचे कामाचे ठिकाण पानावर लिहा. वाट चुकलेले म्हातारे माणूस पुष्कळदा तिकडेच जाते. आखातात नोकरीला असलेल्यांच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि इकाम्याची प्रत, कंपनीचा पत्ता आणि खोलीतल्या साथीदाराचा नंबर घरी हवाच. तिकडचा संपर्क तुटला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांना तक्रार करता येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. चोवीस तास थांबावे लागते, असा कोणताही नियम नाही. ‘मिसिंग’ची तक्रार लगेच द्या आणि तिची प्रत मागून घ्या. हरवलेल्या मुलांबाबत गुन्हाच नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. मुलांसाठी १०९८, कुठल्याही संकटात ११२, रेल्वेत १३९ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे नंबर पानाच्या डोक्यावर लिहा.

मुलगी हरवली की काही घरे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि नातेवाइकांतच शोधत राहतात. शोधाच्या दृष्टीने तेच पहिले तास मोलाचे असतात. ती संकटात असू शकते. बदनामीचा हिशोब नंतर करता येईल, गेलेले तास परत मिळत नाहीत.

ही पाने म्हणजे घरची अमानत. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एक प्रत कपाटात, दुसरी विश्वासाच्या नातेवाइकाकडे ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या. जुम्म्याच्या दुपारी जेवणानंतर सगळे एकत्र बसतात, तेव्हा एक वही, एक मोजपट्टी घ्या आणि सर्वांत लहानापासून सुरुवात करा.