चवीपुरते मीठ म्हणजे किती?

बदलीवर परप्रांती गेलेल्या मराठी गृहस्थाच्या तक्रारी दोन : हवा मानवत नाही आणि जेवण मानवत नाही. हवेस इलाज नाही, जेवणास आहे. परंतु तो सुचविताच उत्तर येते, "आम्हांस स्वयंपाकातले काही कळत नाही." आणि हे वाक्य कबुलीच्या सुरात नव्हे, तर प्रशस्तिपत्रक दाखवावे तशा ऐटीत उच्चारले जाते. या ऐटीवर आमचा आक्षेप आहेच. परंतु तिला आश्रय देणाऱ्या एका शब्दावर त्याहून अधिक आहे. तो शब्द म्हणजे 'अंदाज'.

'चवीपुरते मीठ', 'बसेल तेवढे पीठ', 'खमंग वास सुटेपर्यंत' ही भाषा ज्यास आधीच येते त्यालाच कळते. नवशिक्याच्या दृष्टीने ते बंद दाराला लावलेले कुलूप होय. 'योग्य तेवढी रक्कम मंजूर व्हावी' असा मसुदा आम्ही वर पाठविला, तर तो कोणत्या शेऱ्यासह परत येईल हे वाचकांस सांगावयास नको!

गेल्या हिवाळ्यात मुलांच्या शाळेपायी कुटुंब गावी होते आणि दिल्लीच्या बाजारात कोथिंबिरीचे ढीग लागले होते. चहापलीकडे आमची मजल नव्हती. तरी घरी कोथिंबिरीचा पाव भाजण्याचे आम्ही मनावर घेतले. एका अनुभवी नातलगांनी दूरध्वनीवर सांगितले, "पाणी कोमट घे, पीठ फुगू दे, कोथिंबीर घाल अंदाजाने." आमच्या 'कोमट' पाण्याने यीस्ट मेले, धुतलेली कोथिंबीर ओलीच पडली, आणि भट्टीतून निघाली ती वीट, बाहेर करपलेली, आत चिकट.

दुसऱ्या खेपेस आम्ही तराजू आणला. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, सुके यीस्ट ७ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, फडक्यावर कोरडी करून चिरलेली कोथिंबीर ५० ग्रॅम, चमचाभर ओवा, दोन चमचे तेल. यीस्ट हा सजीव पदार्थ आहे. ६० अंशांच्या आसपास तो मरतो, म्हणून पाणी ४० अंशांच्या वर जाऊ दिले नाही. पीठ १० मिनिटे मळले. ते दुप्पट होण्यास त्या थंडीत तीन तास लागले. विजेच्या भट्टीत २०० अंशांवर ३५ मिनिटे भाजल्यावर जे निघाले, त्यास शेजाऱ्यांनीही पावच म्हटले.

प्रतिपक्ष म्हणेल, हवा बदलते, पीठ बदलते. माप कोठवर पुरणार? आक्षेप रास्त आहे. उन्हाळ्यात तेच पीठ तासाभरात फुगून येते हे आम्हीही पाहिले. परंतु ते दुप्पट झाले की नाही, हे आम्ही डब्यावर मारलेल्या रेघेवरून ओळखतो. पाचव्या पावानंतर पाणी १० ग्रॅमने वाढवावे की घटवावे, हे हातास कळू लागले. अंदाज हे मापाचे फळ आहे. मापाच्या जागी ते पेरता येत नाही.

राहिली 'हाताची चव'. ही स्तुती ऐकावयास गोड आहे. परंतु तिनेच घरातील स्त्रीस आयुष्यभर चुलीपाशी बांधून ठेविले, आणि पुरुषास पाटावर. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे दिली, तेव्हा हे कुलूप निघू शकते हे सिद्ध झाले. तरीही आम्ही मात्र घरच्या वहीत 'अंदाजाने' हाच शब्द ठेविला.

त्याची किंमत आम्ही मोजली आहे. आमच्या मातोश्रींच्या गोड्या मसाल्याची सर्वत्र वाहवा होई. वाहवा करणाऱ्यांत आम्हीही होतो; धणे किती, दगडफूल किती, हे विचारणाऱ्यांत कोणीच नव्हते. मातोश्री गेल्या. वहीत जिनसांची यादी आहे. आकडा एकही नाही.

म्हणून बदलीच्या गावी राहणाऱ्या बंधूंस आमचे सांगणे एवढेच की, पुढील रजेत घरी जाल तेव्हा तराजू बरोबर न्या. आईच्या वा पत्नीच्या शेजारी उभे राहा. तिच्या मुठीतले मीठ पातेल्यात पडण्यापूर्वी तोलून घ्या, आणि परत आल्यावर स्वतः चुलीपाशी उभे राहा. चवीपुरते मीठ म्हणजे किती, या प्रश्नास उत्तर असते. आमच्या पावास ते १० ग्रॅम आहे.