एका नायकापुढे किती खलनायक? उत्तर हिंगोलीच्या रामलीलेत

सुपरहिरोच्या सिनेमात खलनायक वाढले की सिनेमा बिघडतो, अशी प्रेक्षकांची नेहमीची तक्रार असते. ती अर्धीच खरी आहे. अडचण संख्येची नसून कामाच्या वाटपाची आहे.

गाडी कुठे घसरते?

२००७ च्या ‘स्पायडर-मॅन ३’मध्ये सँडमॅन, व्हेनम आणि सूडाने पेटलेला मित्र हॅरी असे तिघे होते. सँडमॅनची मुलगी आजारी होती, त्याचं दुःख खरं वाटत होतं. पण व्हेनम उशिरा आला आणि शेवटी दोघं केवळ हाणामारीसाठी एकत्र आले. त्यात सँडमॅनची गोष्ट मागे पडली.

कुठे जमतं?

‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) जोकर प्रामाणिक सरकारी वकील हार्वे डेंटला ‘टू-फेस’ बनवतो. म्हणजे दुसरा खलनायक हाच पहिल्याचा विजय ठरतो. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये (२०२१) तर पाच खलनायक आहेत. पण ते जुन्या सिनेमांतले असल्याने ओळखीत वेळ जात नाही. शिवाय पीटरने ठरवलेलं काम एकच आहे: त्यांना मारायचं नाही, बरं करायचं.

हिंगोलीचा संबंध काय?

हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावर रावणदहनाला मोठी गर्दी लोटते. रामलीलेच्या कथेतही खलनायक एकटा नाही. मेघनादाच्या शक्तीने लक्ष्मण कोसळतो, तेव्हा भावाला गमावण्याची भीती रामाला ग्रासते. कुंभकर्णाला रावणाची चूक दिसते, तरीही तो भावासाठी लढतो. दोघंही गेल्यावर रावण एकटा उरतो. तिघांची कामं वेगळी आहेत आणि प्रत्येकाच्या अंताने पुढचा प्रसंग जड होतो. म्हणूनच शेवट आधीच माहीत असूनही प्रेक्षक जागचा हलत नाही.

मराठीसाठी याचा अर्थ काय?

मराठीत सुपरहिरोचे प्रयत्न मोजकेच झाले. २०१५ मध्ये निखिल महाजन दिग्दर्शित ‘बाजी’ आला. त्यात श्रेयस तळपदे नायक, तर जितेंद्र जोशी खलनायक होता. पुढे कुणी असं धाडस केलं, तर हॉलिवूडइतका व्हीएफएक्सचा खर्च परवडणार नाही. ती उणीव खलनायकांची गर्दी करून भरून काढण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा, कारण प्रत्येक नव्या पात्रासाठी पडद्यावरचा वेळ कुणाच्या तरी वाट्यातून कापावा लागतो.

कसोटी सोपी आणि बिनखर्चाची आहे. एक खलनायक पटकथेतून काढून पाहावा. कथा तशीच पुढे सरकली, तर तो फक्त पोस्टरसाठी होता. पण नायकाचा एखादा निर्णयच बदलला, तर त्याची जागा पक्की. मग खलनायक एक असो वा पाच, तिकिटाचे पैसे वसूल होतात.