हल्ल्याचा आकडा सांगा, मग थांबा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना, आणि त्यातही डीएम होऊन खेळ चालवणाऱ्यांना, एक कळकळीची विनंती आहे. गोब्लिनचा वार लागला की लगोलग डॅमेजचे फासे टाकू नका. आधी हल्ल्याची बेरीज मोठ्यानं सांगा, "सतरा, लागतंय का?" असं विचारा आणि समोरच्याला बोलायला सवड द्या.

शील्ड हा स्पेल नेमक्या त्याच क्षणी चालतो. 2014 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये त्याची वेळ स्पष्ट दिली आहे: हल्ला लागल्यावर, रिअ‍ॅक्शन म्हणून. एसी 5 नं वाढतो, आणि ज्या वारामुळे स्पेल टाकला त्या वारालाही ही वाढ लागू होते. म्हणजे लागलेला वार चुकवता येतो. पण डॅमेजचा आकडा आधीच टेबलावर पडला, तर खेळाडू तो बघून ठरवणार आणि मग वाद होणारच.

पहिल्या लेव्हलचा विझार्ड घ्या. डेक्स्टेरिटी 14 आणि अंगावर मेज आर्मर, म्हणजे एसी 15. कॉन्स्टिट्यूशनही 14 धरलं तर हिट पॉइंट्स 8. स्लॉट दोनच, त्यातला एक मेज आर्मरवर खर्च झालेला. गोब्लिनला फाशावर 13 पडतात, वर 4, झाले 17. वार लागला. त्याच्या डॅमेजच्या फाशावर सहा पडले, तर 2 धरून 8, आणि विझार्ड आडवा. शील्ड टाकला तर एसी 20 होतो आणि तोच वार हुकतो. पण बेरीज 22 असती तर? शेवटचा स्लॉट गेला आणि वारही बसला. म्हणून आकडा सांगा, असं मी म्हणतो. डीएमनं तो सांगितलाच पाहिजे असा नियम नाही, काही जण लपवूनही खेळतात. तसं खेळायचं असेल तर पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या कानावर घाला, ऐन लढाईत नको.

खेळाडूंनीही आपलं पान नीट वाचावं. शील्ड एका वारापुरता नसतो, तुमचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत टिकतो. दुसरा गोब्लिन धावून आला तरी एसी 20 च धरायचा, आणि डीएम विसरला तर आठवण तुम्ही करून द्यायची. मात्र तोवर रिअ‍ॅक्शन परत मिळत नाही. फाशावर थेट 20 पडले तर वार लागतोच, तिथं स्लॉट घालवू नका. फायरबॉलपुढे शील्डचा काही उपयोग नाही, कारण तिथं एसी बघतच नाहीत, सेव्हिंग थ्रो असतो. मॅजिक मिसाइललाही हल्ल्याचा फासा नसतो, पण त्याचं नाव शील्डच्या मजकुरात आहे, त्यामुळे त्याचं डॅमेज शून्य.

एका हातात तलवार आणि दुसऱ्यात खरीखुरी ढाल घेऊन लढणाऱ्या एल्ड्रिच नाइटनं तर फार जपावं. या स्पेलला शब्द आणि हाताची खूण दोन्ही लागतात, त्यामुळे एक हात मोकळा हवा. वॉर कास्टर हा फीट घेतला नसेल, तर तलवार म्यान करायची की नाही हे आपला टर्न संपवतानाच ठरवावं.