सुट्टी घेतली, की परतावा?



भांडुप पश्चिमेतील एका व्यापारी श्रावकांनी अलीकडे प्रवचनानंतर एक फाईल आमच्या हाती दिली. आत हॉलिडे क्लबचा करार, हप्त्यांच्या पावत्या आणि वार्षिक देखभाल शुल्काची मागणीपत्रे होती. मुलांच्या सुट्टीत खोली मिळत नाही, जैन भोजनाचे आश्वासन तोंडीच राहिले, शुल्क मात्र दरवर्षी वाढते. ‘यातून सुटावे कसे?’ हा त्यांचा प्रश्न अनेक घरांचा आहे.

उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. कागदावर आपण काय घेतले आहे? सुट्टी, की परतावा? दोहोंचे मार्ग वेगळे आहेत.

केवळ सुट्टी घेतली असेल, तर आपण ग्राहक आहात. टाइमशेअरसाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघात असा करार 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. आपल्याकडे तशी मुदत करारात लिहिली असेल तरच मिळते. म्हणून आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याचा. कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी, आणि खोटे सांगून विक्री करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय.

प्रथम कंपनीस लेखी तक्रार पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. भांडुपकरांसाठी तो मुंबई उपनगर जिल्हा. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. 5 लाखांपर्यंत तक्रारीस शुल्क नाही. ‘वाद लवादाकडेच न्यावा’ असे करारात छापलेले असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. करारच एकतर्फी व अन्याय्य म्हणून त्यातील अटी रद्द करून हव्या असतील, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

व्यापारी कुटुंबांनी दोन गोष्टी विसरू नयेत. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. दुसरे, सदस्यत्व पेढीच्या नावे घेऊन खर्च धंद्याच्या खात्यात टाकला असेल, तर ‘हा व्यापारी हेतू आहे, हे ग्राहक नव्हेत’ अशी हरकत समोरून येऊ शकते.

आता दुसरी वाट. ‘राहा किंवा न राहा, मुदतीअखेर वाढीव रक्कम घ्या’ असे सांगून पैसे घेतले असतील, तर ती सुट्टी नव्हे, गुंतवणूक होय. प्रभादेवीच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने खोल्यांच्या रात्री विकून असेच पैसे गोळा केले. ही विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे ठरवून सेबीने 29 फेब्रुवारी 2016 रोजी 51 लाखांहून अधिक लोकांचे सुमारे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. 2017 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेले. हुकूम मिळाला, पण पैसा मिळण्याची वाट लांबली. अशा वेळी सेबीकडे तक्रार, ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याखाली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे फिर्याद आणि दिवाळखोरी सुरू झाल्यास मुदतीत आपला दावा, असे तीन मार्ग आहेत. मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये.

‘तुमचे सदस्यत्व विकून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे फोन येतात. एकदा पोळलेल्या माणसालाच हे लोक पुन्हा गाठतात. आगाऊ पैसे मुळीच देऊ नयेत. तसेच रागाच्या भरात देखभाल शुल्क थांबवू नये. थकबाकीच्या कारणाने सदस्यत्व रद्द करण्याची अट करारात आहे का, हे आधी पाहावे.

त्या श्रावकांच्या फाईलमध्ये परताव्याचा शब्द कुठेही नव्हता. म्हणजे त्यांची वाट ग्राहक आयोगाची, आणि दोन वर्षांपैकी चौदा महिने सरलेले. जैन भोजनाविषयीचा विक्रेत्याचा संदेश त्यांच्या चिरंजीवांच्या मोबाइलमध्ये सापडला. तोच आता पुरावा ठरेल.

दिवाळीत चोपड्याचे पूजन करणारे आपण लोक उधारीच्या दहा रुपयांचीही नोंद ठेवतो. हॉटेलच्या दिवाणखान्यात, भेटवस्तूच्या मोहात, न वाचता केलेली सही मात्र आपल्या वहीत कुठेच नसते. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत येथेही उपयोगी पडते. आज रात्री कपाटातील तो करार काढावा, सहीची तारीख पाहावी आणि ‘परतावा’ हा शब्द त्यात आहे का, ते शोधावे.

जय जिनेंद्र.