संशोधन खाणीत उतरले पाहिजे

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामात साचलेल्या पाण्याचा लोंढा शिरला आणि ३७५ कामगारांचा बळी गेला. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीतही पाणीच घुसले. सहाजण बुडाले, अडकलेल्या ६५ जणांना मात्र जसवंतसिंग गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीतून भोक पाडून, ऐनवेळी बनविलेल्या पोलादी पिंजऱ्यातून एकेक करून वर काढले. या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु जो पिंजरा अपघातानंतर तीन दिवसांत बनू शकतो, तो अपघातापूर्वीच तयार का नसतो?

अज्ञान हे त्याचे कारण नव्हे. खाणींविषयी संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५६ पासून धनबादलाच आहे. जुन्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत जावयाचे तर परवानगी घ्यावी, पुढे भोके पाडून पाण्याचा अंदाज घ्यावा, हे १९५७ च्या विनियमांतच नमूद होते. छताला पोलादी बोल्टांचा आधार देण्याचे तंत्र आहे, मिथेन मोजणारी उपकरणे आहेत. ज्ञान प्रयोगशाळेत राहते आणि कामगार त्याच्यावाचून खाली उतरतो, हे खरे दुखणे आहे.

राष्ट्रीयीकरणाने खाजगी मालकांच्या बेबंद लुटीला आळा घातला. पण चासनाला खाणीचे व्यवस्थापन १९७२ पासून सरकारकडेच होते, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये. मालकी बदलल्याने सुरक्षितता आपोआप येत नाही. उत्पादनाचे टन रोज मोजले जातात. टळलेला अपघात कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. आणि जेथे कायदाच पोहोचत नाही, तेथे काय घडते हे मेघालयातील क्सान येथे डिसेंबर २०१८ मध्ये दिसले. बंदी असलेल्या खाणीत पंधरा मजूर अडकले आणि मोठे पंप येईपर्यंत पंधरवडा उलटला.

म्हणून मागणी नेमकी असावयास हवी. जुन्या खोदकामाचे नकाशे तपासून कामगारांपुढे ठेवावेत. बचावाची साधने प्रत्येक कोळसाक्षेत्रात सज्ज असावीत. कायम कामगाराला मिळणारे प्रत्येक उपकरण कंत्राटी कामगारालाही मिळावे. धोका दिसताच काम थांबवावयास लावण्याचे बळ कामगारांच्या प्रतिनिधीला असावे. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणपट्ट्यातील कार्यकर्त्यांनी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने हे प्रश्न मांडले पाहिजेत. मृत्यूनंतरच्या भरपाईसाठी भांडणाऱ्या संघटनेने मृत्यू टाळण्यासाठी त्याहून अधिक जोराने भांडावे, हेच तिचे पहिले कर्तव्य आहे.