सोंग आधी, संवाद मागाहून

हॉस्टेलवर नाटकाच्या वर्गाची नोटीस लागली की सगळ्यांना एकदम सबमिशन आठवतं! 'या पोरांना रसच नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. बोईसर-तारापूरचा आपला पट्टा बघा. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली, कामासाठी देशभरातून माणसं आली. आमच्या एका मजल्यावर भोजपुरी, गुजराती, वारली, मांगेली ऐकू येते. यांच्या हाती पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीतली एकांकिका दिली, की एखाद्याच्या 'ळ'वरून हशा पिकतो आणि गडी पुन्हा फिरकत नाही.

आता जव्हार-मोखाड्याचा बोहाडा घ्या. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून गावातलीच माणसं वाद्यांच्या ठेक्यावर सोंगं नाचवतात. तिथे उच्चार कोण तपासतो? आपणही पहिले काही दिवस नुसता ठेका, चाल आणि मुखवटा घेऊ. मग ज्याने त्याने आपल्या बोलीत प्रसंग करावा: डहाणू लोकलची गर्दी, बापाची नाइट शिफ्ट, काहीही. रत्नाकर मतकरींनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, तेव्हा वस्तीतल्या मुलांना त्यांच्याच जगण्यातले विषय मांडायला लावले होते.

अशाने करंडक मिळत नाही, असं सर म्हणतील. नसेल मिळत. पण व्हायवाला तोंड न उघडणारी निम्मी मुलं याच मजल्यावर राहतात, त्यांचं काय?

पुठ्ठा वर्कशॉपमागे पडलेलाच आहे. रविवारी संध्याकाळी कॉमन रूममधला टीव्ही तेवढा बंद ठेवू द्या.